क्लब की शाळा? अमेरिकेतील मराठी पालकांचे अनुभव

हायस्कूलच्या संघात कोण खेळणार, केव्हा खेळणार, हे आता बऱ्याच अंशी खासगी क्लब ठरवतात. ज्यांच्या घरात हा पेच आला, त्यांनी सविस्तर लिहावे. क्लबचे आणि शाळेचे नाव मात्र टाळावे. सुरुवात मीच न्यू जर्सीपासून करतो, पुढचे अनुभव इतर पालकांचे.

न्यू जर्सी, सॉकर
मुलगा 2013 साली नववीत गेला. यूएस सॉकर महासंघाने 2007 मध्ये सुरू केलेल्या डेव्हलपमेंट अकादमी या निवडक क्लबांच्या लीगने त्याच्या आदल्याच वर्षी दहा महिन्यांचा हंगाम लागू केला होता आणि त्यातील मुलांना शाळेकडून खेळण्याची मुभा उरली नव्हती. आम्ही अकादमी निवडली. शाळेच्या सामन्यांना तो कुंपणाला टेकून, वर्गमित्रांना हाका मारत उभा राही. ज्या अकादमीपायी ती चार वर्षे गेली, ती 2020 च्या एप्रिलमध्ये बंदही झाली.

टेक्सास, व्हॉलीबॉल
येथे मुलींचा शालेय हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत आटोपतो आणि हिवाळ्यापासून क्लबच्या स्पर्धा लागतात, म्हणजे दोन्हींची थेट टक्कर नाही, असे मला वाटत असे. प्रत्यक्षात शाळेच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) आलेल्या बहुतेक मुली क्लबमध्ये घडलेल्या होत्या. आमच्या शेजारची, क्लब न परवडलेली मुलगी पहिल्याच दिवशी गळली. आमची टिकली, कारण आम्ही वर्षाला साडेतीन हजार डॉलर भरत होतो, हॉटेल आणि विमान वेगळे. क्लबची स्पर्धा म्हणजे एका अवाढव्य प्रदर्शनगृहात ओळीने आखलेली कोर्टे, शिट्ट्यांचा एकच कल्लोळ, आणि कडेला खुर्ची टाकून आपल्या संघासाठी खेळाडू हेरत जर्सीचे क्रमांक टिपणारे कॉलेजचे कोच. इतक्या मुली एका छताखाली पाहायला मिळत असताना ते आमच्या शाळेच्या जिममध्ये कशाला येतील? सामना हरल्यावर डोळे पुसत त्याच मुलींना पुढच्या सामन्याचे गुण लिहायला बसावे लागे, ते मात्र मला आवडे.

विस्कॉन्सिन
शाळेचा हंगाम चालू असताना त्याच खेळाचे बाहेरचे सामने खेळण्यावर आमच्या राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचे निर्बंध आहेत. तरीही क्लबच्या कोचचा निरोप येतोच : "जपून खेळ, दुखापत नको."

कॅलिफोर्निया, सॉकर
एक बाजू क्लबचीही आहे. आमच्या शाळेचे कोच इतिहास शिकवतात. माणूस भला, पण मुलीची डाव्या पायाची किक सुधारली ती क्लबातच. मी मुंबईत शालेय क्रिकेट खेळलो असल्याने बाहेरच्या प्रशिक्षकाच्या शब्दाचे वजन मला नवे नाही. आचरेकर सरांच्या सल्ल्यावरूनच सचिन तेंडुलकरने शाळा बदलून शारदाश्रम गाठले होते. फरक इतकाच, की तिथे सर मुलाला शाळेच्या संघाकडे पाठवत आणि इथला कोच शाळेपासून लांब राहायला सांगतो. कन्या येत्या हिवाळ्यात शाळेकडूनच खेळणार आहे. क्लबला ते अजून कळवायचे आहे.