जीएफआरपी सळई ४१ किलोन्यूटनलाच गेली, माल नापास समजायचा का?

खाडीकाठचा
रत्नागिरीकडे खाडीच्या तोंडावर संरक्षक भिंत चालू आहे. खारं पाणी लोखंड खातं म्हणून मालकांनी काचतंतूंच्या, म्हणजे जीएफआरपीच्या, १२ मिमी सळया आणल्या. कंपनीच्या कागदावर ताणशक्ती ९०० मेगापास्कल. लॅबने तीन तुकडे टीएमटीसारखेच (नेहमीच्या लोखंडी सळईसारखे) युटीएमच्या, म्हणजे ओढून तोडायच्या मशिनच्या, जबड्यात धरून ओढले. त्यातला सगळ्यात चांगला ४१ किलोन्यूटनला गेला, म्हणजे ३६३ मेगापास्कल! कन्सल्टंट म्हणतात ट्रक परत पाठवा, विक्रेता म्हणतो लॅब चुकली. कोणाचं ऐकू?

जुना लॅबवाला
तुकडे तुटले कुठे ते आधी सांगा.

खाडीकाठचा
जबड्यातच. दातांच्या खुणांपाशी चिरडून उभे फाटलेत. मधला भाग जसाच्या तसा.

जुना लॅबवाला
मग ३६३ हा जबड्याचा आकडा झाला, सळईचा नव्हे. धागे सगळे लांबीच्या दिशेने; आडवा दाब आला की तो झेलायला बहुतेक धागे जोडणारी राळच. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. वर शहाणपणा म्हणून सँडपेपर गुंडाळला, तर सळई सरकायला लागली.

एएसटीएम डी७२०५ या चाचणीच्या मानकाप्रमाणे दोन्ही टोकं स्टीलच्या पाइपात बसवायची आणि जबड्याने पाइप धरायचा. पाइपात इपॉक्सी किंवा फुगणारं ग्राउट भरतात. खाणीत आवाज न करता दगड फोडायला जी पावडर वापरतात ना, त्याच जातीचं. म्हणून पाइप जाड भिंतीचा घ्या, पातळ असला तर तोच फुटेल. सळई पाइपात अगदी मधोमध हवी, तिरकी बसली की वाकते आणि आकडा पडतो. दोन पाइपांमध्ये मोकळी लांबी व्यासाच्या ४० पट, म्हणजे तुमची ४८० मिमी. निदान पाच नमुने करा. जो पाइपापाशी तुटेल किंवा सरकेल तो धरायचा नाही, त्याच्या जागी नवा.

तुकडे कटरने चेपून कापू नका, डायमंड ब्लेड लावा. मास्क घाला, ती भुकटी दोन दिवस खाजवते. माल चांगला असेल तर १०० किलोन्यूटनच्या आसपास मोठा आवाज होऊन केरसुणीसारखा पिंजारेल. टीएमटीसारखी आधी मान बारीक होत नाही, सूचना नाही. मशिनला पत्रा लावा आणि एक्स्टेन्सोमीटर (सळई किती लांबली ते मोजणारं उपकरण) सळई तुटण्याआधी काढून घ्या.

डिझाइनवाली, पुणे
काकांचं बरोबर. पण ९०० आला म्हणून पेढे वाटू नका, रिपोर्टमध्ये स्थितिस्थापकतेचा, म्हणजे सळई किती ताठ आहे त्याचा, आकडाही मागा. या सळयांचा तो साधारण ४५ ते ६० गिगापास्कल असतो, स्टीलचा २००. तेवढ्याच ताणाला ही तिप्पट-चौपट लांबते, मग भेगा नि झुकाव वाढतो. "ताकद दुप्पट, १२ च्या जागी १० घाला" असं कोणी सांगितलं असेल तर गणित पुन्हा करून घ्या. माल तपासायला आता आपलं भारतीय मानक आयएस १८२५६:२०२३ आहे, कन्सल्टंटना ते दाखवा.

खाडीकाठचा
१० चं खरंच सुचवलं होतं! ट्रक थांबवलाय, परत नाही पाठवला. उद्या फॅब्रिकेटरकडे पाइप बघतो. प्रत्येक टोकाला ४०० मिमी पुरेल?

जुना लॅबवाला
१२ मिमीला पुरायला हवा. पण नमुना सव्वा मीटरच्या वर जातोय. पाइप कापण्याआधी लॅबला फोन करून युटीएमचा गाळा, म्हणजे नमुना बसायची जागा, मोजायला सांगा.