मदत हवी आहे : ऐरोलीच्या गाळातला काळा थर नेमके काय सांगतो?

नमस्कार.

मी ठाण्यात राहते आणि पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी ठाणे खाडीच्या ऐरोलीकडच्या बाजूला, तिवरांच्या कडेच्या दलदलीतून, रीतसर परवानगी घेऊन ओहोटीच्या वेळी पीव्हीसीच्या नळीने ७२ सेंटिमीटरचा एक कोअर, म्हणजे गाळाचा उभा नमुना, काढला आहे. नळी उभी चिरली तेव्हा वरचा दोन बोटे गाळ तपकिरी होता, त्याखाली राखाडी होता, ३१ ते ३८ सेंटिमीटरच्या दरम्यान तो डांबरासारखा काळा आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा निघाला आणि त्याच्याही खाली कालवांच्या कवचांच्या चुऱ्याचा पांढरा पट्टा लागला. फोटो काढून होईपर्यंत, म्हणजे साधारण अर्ध्या तासात, काळ्या थराचा पृष्ठभाग राखाडी पडू लागला होता.

कालवांच्या काळी पाणी पुरेसे खारे होते आणि पुढे खाडीच्या पाण्यातला प्राणवायू घटला, असे सरळ लिहून टाकावे असे पहिल्यांदा वाटले. मात्र वाचन वाढले तसा हा निष्कर्ष डळमळू लागला. फोरॅमिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशी जीव) पाहिले तर काळ्या थरात जवळजवळ सगळी कवचे अमोनिया या प्रजातीचीच आहेत. ही प्रजाती कमी-जास्त क्षारताही सोसते आणि कमी प्राणवायूही. मग तिची संख्या वाढली ती पावसाळी गोड्या पाण्यामुळे, की प्राणवायू संपल्यामुळे? हे दोन धागे एकमेकांपासून सुटे कसे करावेत, हा माझा मुख्य प्रश्न आहे. हाताशी पैसे थोडे आहेत, त्यामुळे कोणत्या चाचण्या आधी कराव्यात हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (नेरूळहून) :

ताई, काळा थर राखाडी पडला ही नोंद प्रबंधात आवर्जून ठेवा. हवा लागताच रंग उडतो याचा अर्थ त्यात लोहाचे अस्थिर सल्फाइड आहे. मात्र त्यावरून खाडीच्या पाण्यात प्राणवायू नव्हता असे ठरत नाही. तिवरांच्या चिखलात पाने, मुळे कुजत असतात, त्यामुळे पृष्ठभागापासून काही मिलिमीटरवरच प्राणवायू संपतो आणि तिथून खाली जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. वरून भरतीचे पाणी कितीही ताजे असले तरी हे घडतेच.

पुस्तकांत जे सुंदर पातळ पापुद्र्यांचे कोअर दिसतात ते खोल तळावरचे असतात. काळ्या समुद्रात वरच्या पाण्याची क्षारता हजारात सुमारे १८ भाग आणि खोल पाण्याची सुमारे २२ भाग आहे. जड, खारे पाणी तळाशी बसते, वरचे हलके पाणी त्यावर झाकणासारखे राहते आणि खाली प्राणवायू पोहोचत नाही. तळात बिळे करणारा जीवच उरत नाही, म्हणून पापुद्रे अभंग राहतात. तिथे क्षारतेतला फरकच प्राणवायूच्या अभावाला कारण ठरतो. आपल्या खाडीत पावसाळ्यात वर गोडे पाणी येते खरे, पण रोजच्या भरती-ओहोटीने ते घुसळले जाते. शिवाय खेकड्यांची बिळे वरचा गाळ खाली नेतात. तुमच्या काळ्या थरात पापुद्रे दिसतात का, की तो एकसंध लगदा आहे, हे आधी भिंगाखाली पाहा.

क्षारतेसाठी डायटम (सूक्ष्म एकपेशी शैवाल) मोजा. त्यांची कवचे सिलिकाची असल्यामुळे आम्लधर्मी चिखलात चुनखडीची कवचे विरघळतात तिथेही ती बऱ्याचदा टिकतात, आणि गोड्या व खाऱ्या पाण्यातल्या जाती वेगळ्या ओळखता येतात. खर्चही सूक्ष्मदर्शकापुरताच आहे. कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे गुणोत्तर क्षारता दाखवते, पण तापमानही त्यात मिसळलेले असते, म्हणून तापमान वेगळे काढायला मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या गुणोत्तराची जोड लागते. ते पुढच्या टप्प्यासाठी ठेवा.

प्राणवायूसाठी पायराइटचे (लोहाच्या सल्फाइडच्या खनिजाचे) रासबेरीसारखे गोल पुंजके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. पाण्यातच सल्फाइड असेल तर ते लहान आणि एकसारखे, साधारण ५ मायक्रॉनच्या आसपास असतात. गाळात वाढलेले मोठे आणि आकाराने विस्कळीत निघतात. प्राणवायू नसलेल्या गाळात साठणारे मॉलिब्डेनम आणि युरेनियम मोजणार असाल तर, जमिनीवरच्या मातीतून आलेला वाटा कळावा म्हणून, ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढल्याशिवाय आकडे मांडू नका, आणि जवळचा औद्योगिक पट्टा लक्षात ठेवा. त्याचे धातूही याच गाळात येऊन बसतात.

या सगळ्याआधी मात्र कालनिर्णय हवा. किरणोत्सर्गी शिसे-२१० चा अर्धायुष्यकाल सुमारे २२ वर्षे आहे, म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाता येते. अणुचाचण्यांतून आलेल्या सीझियम-१३७ चे शिखर १९६३ च्या आसपासचे. वरच्या थरांत शिसे-२१० खोलीबरोबर कमी न होता सपाट आले, तर तो भाग जीवांनी ढवळलेला समजा.

धागाकर्ती :

सर, मनापासून आभार. भिंगाखाली आत्ताच पाहिले. पापुद्रे नाहीत. काळ्या थराच्या मधोमध एका बिळाची आडवी नळी आहे आणि तिच्याभोवती तांबूस कडा आहे, म्हणजे तिथे प्राणवायू पोहोचलेला होता. पाण्याच्या प्राणवायूबद्दलचे वाक्य मी मागे घेते. उरलेला अर्धा कोअर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला आहे. तेवढे पुरेल, की हवा काढून गोठवायला हवा? आणि डायटमसाठी तुकडे १ सेंटिमीटरचे करू की २?

प्रतिसाद (नेरूळहून) :

सल्फाइडसाठी काढलेला भाग आजच हवा काढून गोठवा, फ्रीजमध्येही तो हळूहळू ऑक्सिडाइज होतो. तुकडे १ सेंटिमीटरचेच करा. दोन नंतर एकत्र करता येतात, एकाचे दोन करता येत नाहीत.