अनुभव धागा: पहिल्या कळा आठवून दुसऱ्या वेळी काय ठरवलंत?

मला आठवा लागलाय. आई म्हणते बाळाचं तोंड बघितलं की सगळं विसरतं, माझं तर काहीच विसरलेलं नाही. परत नॉर्मल की सिझर मागायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायकांनो, लिहा. सल्ला डॉक्टर देतायत, तुम्ही काय केलात ते सांगा.

खानापूर : आमचं गाव जांबोटीच्या पुढं. पहिल्या वेळी धो धो पाऊस, रस्त्यात झाड आडवं, १०८ खालीच अडकली, मग शेजारच्याची जीप. कळा कशा होत्या विचारलात तर आता सांगता येत नाही, पण दर खड्ड्याला सासूचं मनगट आवळत होतो ते अजून अंगात आहे बघा. दुसरीपण नॉर्मलच, फक्त नववा लागायच्या आधीच बेळगावात नणंदेकडं जाऊन राहिलो. नणंदेकडं कसलं बाळंतपण म्हणून लोक बोलले, बोलू देत.

शहापूर : मला कळांपेक्षा टाके आठवतात. नीट सुन्न झालंच नव्हतं, ओरडले तर नर्स कन्नडात वरडली, अर्धंच कळलं ते बरं. दुसऱ्या वेळी सरळ सिझर मागितलं. डॉक्टरबाईंनी बसवून विचारलं, नेमकं कशाला भितेस? टाक्याआधी बधिर झालंय का बघू, नसलं तर परत इंजेक्शन देऊ, आईला आत थांबू देऊ म्हणाल्या. मग नॉर्मलच केलं. टाके परत पडले, पण विचारून विचारून घातले.

चिकोडी : मी दुसरं केलंच नाही. मुलगी नववीत आहे.

निपाणी : माझं दोन्ही झालं. दिवसभर सलाईनवर कळा आणि शेवटी बाळाचे ठोके उतरले म्हणून सिझर. एकदा सिझर की कायम सिझर असं काही नसतं, आतला छेद खाली आडवा असला आणि बाकी सगळं ठीक असलं तर नॉर्मल बघता येतं, पण जुना टाका उसवायचा धोका असतो, दोनशेत एखादीला, म्हणून ऑपरेशनची सोय असेल तिथंच. डॉक्टर तयार होत्या, मीच नको म्हटलं. एवढ्या कळा सोसून परत टेबलावरच जायचं झालं तर? तारीख घेतली. सासरे त्यातपण अमावस्या बघत बसले, तो वेगळा धागा होईल.

वडगाव : दुसऱ्याला एपिड्युरल घेतलं, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन. पाठीत सुई घेतलीस की जन्मभर कंबर दुखणार म्हणून सगळ्यांनी घाबरवलं, माझी तर पहिल्या बिनसुईच्या बाळंतपणापासूनच दुखतेय. घेणार असशील तर भूलतज्ज्ञ रात्री येतात का ते आत्ताच विचार, कळा सुरू झाल्यावर कोण धड उत्तर देत नाही.