मदत हवी आहे: बी.एड.चा सराव परदेशात करावा का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण साताऱ्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काही आठवडे फिनलंडच्या शाळेत सराव करायची संधी चालून आलीय. एनसीटीईच्या (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांत मिळून 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. परदेशातले आठवडे त्यात धरतात का? 'होऊन जाईल बघा' असं तोंडी उत्तर मिळालंय, त्यावर आमचा काडीचा भरवसा नाही.

खरी शंका वेगळीच. तिकडे मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं, 45 मिनिटांचा तास झाला की पोरं पंधरा मिनिटं मैदानात. इकडे ती कोरेगावकडे आठवीचे पाठ घेते. वर्ग खच्चून भरलेला, निम्मा तास हजेरी आणि 'सर, ह्यानं माझं पेन घेतलं' मध्येच जातो (हो, बाईंनाही सरच म्हणतात!). तिकडचं इथे कितपत चालतं?

जाऊन आलेल्यांनी सांगावं: परतल्यावर तुमच्या शिकवण्यात नेमकं काय बदललं? मुलांची भाषा येत नसताना पाठ कसे घेतलेत? खर्चासाठी कर्ज काढावं लागेल. भरती तर शेवटी टीएआयटीच्या (राज्यातली शिक्षक भरतीची चाचणी) गुणांवर, त्यामुळे आईचं एकच पालुपद, 'आधी परीक्षा काढ, मग विमानात बस.'