ऑफिसला सायकलने जाताना अंगावर येणाऱ्या गाडीवाल्यांचं काय करता?

घंटी_वाजवा
उन्हाळ्यापासून पुण्यात कोथरूड ते बाणेर ऑफिसला सायकलने जातेय. चढ, घाम, पाऊस यांचं काही नाही, ऑफिसात शॉवर आहे आणि वॉचमनकाकांनी बेसमेंटमध्ये सायकलीला जागा पण करून दिली. वैताग आहे तो गाडीवाल्यांचा. पौड रोडने चांदणी चौकाचा चढ चढताना स्पीड साहजिकच कमी होतो आणि मागचा जो कोणी असेल तो हॉर्नवर हात ठेवूनच बसतो, बाजूने जायला जागा असून. काही जण मुद्दाम घासून जातात, म्हणजे आरसा कोपराला लागेल इतकं, आणि पुढे जाऊन ब्रेक मारतात. परवा एका एसयूव्हीवाल्याने काच खाली करून सांगितलं, मॅडम हौस असेल तर बागेत चालवा, आणि मी उलट बोलले तर गाडीच आडवी घातली. आजूबाजूला लोक होते म्हणून गेला निघून. घरी सांगितलं तर सायकलच बंद होईल म्हणून इथे विचारतेय. अशा वेळी तुम्ही काय करता? बोलता, थांबता, नंबर घेता? तक्रार करून काही होतं का खरंच? आणि प्लीज 'सायकल सोडून द्या' हा सल्ला नको, तो सोसायटीत फुकट मिळतोय.

जुना_गिअर
पहिलं सांग, रस्त्याच्या कुठल्या भागातून चालवतेस? कारण नवीन लोक घाबरून एकदम डावीकडे कडेला चिकटून चालवतात आणि तिथेच गडबड होते. तू कडेला गेलीस की मागच्याला वाटतं लेन रिकामी आहे, त्याच लेनमधून आपण पण बसू, मग तो घासून जातो. आणि कडेला काय असतं तुला माहितीच आहे, ड्रेनेजच्या जाळ्या, खचलेली चेंबरची झाकणं, वाळू, उघडणारी कारची दारं. एखादा खड्डा चुकवायला तू अचानक उजवीकडे आलीस की संपलं. मी कडेपासून निदान एक मीटर आत चालवतो, सरळ रेषेत, आणि जिथे रस्ता अरुंद होतो किंवा पुलाखाली वळण येतं तिथे चक्क लेनच्या मधे येतो. हॉर्न वाढतो, कबूल, पण हॉर्न वाजवणाऱ्याने तुला बघितलेलं असतं. भीती न वाजवणाऱ्याची, जो फोनमध्ये बघत येतोय. रस्ता मोकळा झाला की डावीकडे होऊन हाताने पुढे जा म्हणून खूण करायची, बहुतेक लोक त्यावर शांत होतात, काही तर हात पण करतात.

आणि आडवी घातली ना, तर सायकलवरून उतर, सायकल त्याच्या आणि तुझ्या मधे ठेव, फुटपाथवर चढ. बोलायचं नाही. तुला दोन वाक्यांत त्याला सुधारायचं असतं आणि त्याला तेवढंच हवं असतं.

मूळव्याध_टॅक्स
राग येईल पण बोलतोच. पीक अवरला चढावर दहाच्या स्पीडने कोणी मधोमध चालत असेल तर मागे पन्नास गाड्या अडकतात. त्या पन्नास जणांना पण ऑफिसला जायचंय आणि ते रोड टॅक्स भरतात. दीड-दोन तास ट्रॅफिकमधे घालवून माणूस शांत कसा राहील?

घंटी_वाजवा
@मूळव्याध_टॅक्स गाडी आमच्याकडे पण आहे, तिचा टॅक्स भरलाय, ती घरी उभी आहे म्हणून तुमच्या पुढे एक कार कमी आहे. आणि शहरातले रस्ते महापालिका करते, तिला प्रॉपर्टी टॅक्स मी पण देते. बाकी पन्नास गाड्या माझ्यामुळे अडकतात हे चांदणी चौकात उभं राहून सांगा, २०२३ मध्ये एवढे नवीन पूल होऊन पण संध्याकाळी तिथे काय असतं ते सगळ्यांना माहितीये.

@जुना_गिअर हो, मी कडेनेच चालवते. पांढऱ्या पट्ट्याच्या पण बाहेर. उद्या बघते आत येऊन, पण भीती वाटते हे खरं.

काळा_कोट_अर्धवट
तक्रारीचं विचारलंस म्हणून लिहितो, वकील आहे पण ही वकिली नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात नियम मोडून ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेने येणं, चालवताना हातात फोन धरणं हे स्पष्ट लिहिलंय. पहिल्या वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. त्याशिवाय भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली, तिच्यात बेदरकार ड्रायव्हिंगचं कलम २८१, म्हणजे जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहिता) २७९. आडवी घालून धमकी दिली असेल तर कलम ३५१ पण बघता येतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. नुसतं 'पांढरी एसयूव्ही घासून गेली' यावर कोणी काही करणार नाही. नंबर, जागा, वेळ आणि व्हिडिओ असेल तर गोष्ट पुढे सरकते, निदान चलन तरी जातं. हँडलला किंवा हेल्मेटला छोटा कॅमेरा लाव. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकअ‍ॅपवर फोटो-व्हिडिओ टाकता येतात, सगळ्यांवर कारवाई होते असं नाही पण नोंद राहते. कोणी थांबून अंगावर आला तर ११२, लगेच, तिथूनच, घरी जाऊन नाही. देव न करो पण धडक बसली आणि लागलं तर तिथेच समझोता करून पाचशे रुपये घेऊन सोडू नका (लोक घेतात!), पोलिसात नोंद करा, कारण थर्ड पार्टी इन्शुरन्समधून भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणात मागता येते, सायकलवाल्याला पण. तो अर्ज शक्यतो सहा महिन्यांच्या आत टाका. ठोकून पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही तर सरकारची वेगळी योजना आहे, गंभीर जखमीला ५० हजार.

छोटा_हत्ती_१२
ताई मी टेम्पो चालवतो, मार्केट यार्डातून बाणेर बालेवाडीला माल टाकतो, त्यामुळे तुमचाच रस्ता आहे. मस्ती करणारे आहेत, त्यांची बाजू घेत नाही. पण एक आमच्या बाजूचं सांगतो. सिग्नलला आम्ही उभे असतो आणि सायकल डाव्या अंगाने फटीतून पुढे येऊन बरोब्बर केबिनच्या कोपऱ्यापाशी थांबते, तिथे आम्हाला खरंच दिसत नाही, डंपर आणि बसवाल्याला तर अजिबात नाही. सिग्नल सुटला, त्याला डावीकडे वळायचं असलं की मागचं चाक आत येतं आणि सायकलवाला चाकाखाली. म्हणून मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला जायचंच नाही, मागे थांबायचं नाहीतर एवढं पुढे जाऊन थांबायचं की ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला दिसेल. तोंड दिसलं म्हणजे त्याला तुम्ही दिसलात.

दुसरं, बावधन सूस बाजूला पाण्याचे टँकर फिरतात त्यांना खेपेवर पैसे असतात, आणि जड गाड्यांना गर्दीच्या वेळात बंदी असते म्हणून बंदी सुरू व्हायच्या आधी सगळे पळवतात. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना वाटच द्या. संध्याकाळी लाल लाईट पाहिजेच मागे, लुकलुकणारा. काळा टीशर्ट, काळी सायकल, लाईट नाही, असे लोक एकदम समोर येतात तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो हो.

लेस्टरचा_पुणेकर
इथे यूकेत २०२२ मध्ये हायवे कोड (रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक) बदलला, ताशी ३० मैलांपर्यंत स्पीड असेल तर सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवून ओव्हरटेक करा असं लिहिलं, आणि सायकलवाल्याने शांत रस्त्यावर लेनच्या मधून चालवावं असं पण. म्हणजे जुना गिअर सांगतोय तेच. तरी इथेही घासून जाणारे आणि काच खाली करून बोलणारे आहेतच, फक्त इंग्रजीत बोलतात. फरक इतकाच की बऱ्याच भागात व्हिडिओ पोलिसांच्या वेबसाईटवर अपलोड केला की गाडीमालकाच्या घरी नोटीस जाते.

चहा_आणि_चेन
मीही बाईच, औंधला जाते सायकलने, बरीच वर्षं झाली. वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट पुरुष मंडळी लिहीत नाहीत, कारण त्यांना येत नाही तो अनुभव. काही जणांना तू रस्त्यात आहेस याचा राग नसतो, बाई ओव्हरटेक करून सिग्नलला पुढे गेली याचा असतो. टू-व्हीलरवाले शेजारून चालवत कमेंट मारतात ते वेगळंच. तिथे कायदा वगैरे आठवत बसू नकोस, स्पीड एकदम कमी कर, त्यांना पुढे जावंच लागतं, किंवा दुकान, पेट्रोल पंप, रिक्षा स्टँड दिसला की तिथे थांब. रिक्षावाल्या काकांना 'काका हा मागे लागलाय' एवढं म्हटलं की पुरतं. नंबर मोठ्याने म्हणायचा, ओरडून, अख्खा. मला स्वतःला याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय, लोक वळून बघतात आणि फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू असेल तर नंबर आपोआप रेकॉर्ड होतो.

आणि घरी सांग गं. निदान एकाला तरी, लाईव्ह लोकेशन शेअर करून निघ.

रस्त्याचं म्हणशील तर चांदणी चौक कशाला? लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड, मग पाषाण रोडने एनसीएलवरून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) जा आणि बाणेर-पाषाण लिंक रोडला लाग. लांब पडतं आणि विद्यापीठ चौक एक डोकेदुखी आहे, तिथे मी सरळ उतरून चालत क्रॉस करते, लाज कसली. पण पाषाण रोडला झाडं आहेत, रुंद आहे, तो हायवेचा चढ नाही. शिवाय अर्धा तास लवकर निघ, आठच्या आत रस्ता वेगळाच असतो.

मूळव्याध_टॅक्स
रिक्षावाल्याला काका म्हणून मदत मागायची आयडिया चांगली आहे. बाकी माझं मत तेच, सायकल ट्रॅक नीट करा आणि त्यावरून चालवा.

जुना_गिअर
@मूळव्याध_टॅक्स करा म्हणजे कोणी? सातारा रोडला बीआरटीबरोबर (बससाठीची वेगळी लेन) केलेत की, जा एकदा चालवून बघा. मधेच पार्किंग, मधेच पाणीपुरीची गाडी, मधेच झाड, मग ट्रॅक संपतो आणि तुम्ही डायरेक्ट बस स्टॉपवर. महापालिकेचा सायकल प्लॅन २०१७ पासून कागदावर आहे. तो होईपर्यंत आम्ही तुमच्याच लेनमध्ये.

घंटी_वाजवा
सगळ्यांना थँक्स, टेम्पोवाल्या दादांना स्पेशल, डाव्या बाजूचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. पाषाण रोडने सोमवारी जाऊन बघते. कॅमेरा महाग वाटतोय आत्ता, आधी आरसा घेते. हँडलच्या टोकाला बसतो तो घ्यावा का हेल्मेटला चिकटवायचा? माझं फ्लॅट हँडल आहे.

चहा_आणि_चेन
हँडलच्या टोकाचा, उजवीकडे. हेल्मेटचा नुसता हलतो. घेताना फिरवून बघ सैल आहे का, सैल असला तर लिंक रोडच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला आभाळ दाखवायला लागेल.

छोटा_हत्ती_१२
सोमवारी नऊच्या आत असाल तर पाषाण सर्कलला मी पण असतो, निळा टेम्पो. हॉर्न देईन पण बारका.