कॅनडाची पीआर, मधली दोन वर्षं नागपुरात नोकरी: नागरिकत्वासाठी कोणते दिवस धरतात?

प्रतापनगरकर
धाकट्या भावासाठी विचारतोय. मे २०१९ पासून तो टोरांटोत, आधी स्टडी परमिट, मग वर्क परमिट. १० मे २०२१ ला पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) झाली. १ जुलै २०२३ ला तिकडून निघाला, दोन वर्षं नागपुरातल्या मिहानमधल्या ऑफिसात होता (कंपनी कॅनडाचीच, पगारही तिकडूनच) आणि १ जुलै २०२५ ला टोरांटोला परत पोचला. आज १५ जानेवारी २०२६. तो म्हणतो, कॅनडाच्या कंपनीचं काम केलं म्हणजे मिहानचे दिवसही धरतात, आजच सही करून अर्ज टाकतो. बरोबर आहे का हे? पीसीसी (पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र) लागेल का? आणि बाबांचं म्हणणं, नागरिकत्व बदलायच्या आत काटोलची संत्र्याची बाग त्याच्या नावावर करून टाकू. चालेल का?

तर्री_पोहा
आज सही करू देऊ नका. दोन नियमांची खिचडी झाली आहे.

पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात. कॅनडातल्या कंपनीने आपल्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याला तात्पुरतं बाहेर पाठवलं असेल तर ते दिवस या ७३० मध्ये धरतात. नागरिकत्वाला सहीच्या आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात आणि तेव्हा माणूस स्वतः कॅनडात असावा लागतो. सूट आहे ती कॅनडाच्या सैन्यात किंवा केंद्र-प्रांत सरकारच्या नोकरीत बाहेर असलेल्यांना. खासगी कंपनीचं मिहान त्यात बसत नाही, पगार कुठल्या का खात्यातून येईना.

पीआरची मात्र काळजी नको. त्याचे कॅनडातले दिवसच ७३० च्या बरेच वर आहेत, कंपनीच्या पत्राचीही गरज पडणार नाही.

रामदासपेठ_ते_रेजायना
हिशोब मांडतो. निघाल्याचा आणि पोचल्याचा, दोन्ही दिवस कॅनडातले धरतात. पीआरच्या आधी परमिटवर काढलेला दिवस अर्धा, त्याचे जास्तीत जास्त ३६५ मिळतात. पण तेही पाच वर्षांच्या खिडकीत असतील तरच, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. २०१९-२० चं त्याचं शिक्षण खिडकीबाहेर गेलेलं आहे.

आज सही केली तर खिडकी १५ जानेवारी २०२१ ते १४ जानेवारी २०२६.
परमिटवरचे ११५ दिवस, म्हणजे ५७.५.
१० मे २०२१ ते १ जुलै २०२३: ७८३.
१ जुलै २०२५ ते काल: १९८.
एकूण १०३८.५, म्हणजे ५६.५ कमी.

आता ५७ दिवस थांबलं की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. खिडकी रोज पुढे सरकते: नवा एक दिवस आत येतो आणि मागचा परमिटवाला अर्धा दिवस गळतो. रोजची निव्वळ कमाई अर्धा दिवस. त्यामुळे ११३ दिवस लागतील आणि ८ मे २०२६ ला बरोब्बर १०९५ होतील. १० मे ला १०९६. त्यानंतर मागून गळणारे दिवस पीआरचे, म्हणजे पूर्ण. एक आला, एक गेला. आकडा १०९६ वर अडकून बसतो.

म्हणून दोन गोष्टी नक्की सांगा. १ जुलै २०२३ ही टोरांटो सोडल्याची तारीख आहे की नागपुरात उतरल्याची? कॅनडा निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाही. लोक भारतातला आगमनाचा शिक्का पाहून तारीख भरतात आणि एक-दोन दिवस इकडेतिकडे होतात. इथे गाठीला एकच दिवस आहे. दुसरं, या काळात आणखी कुठली फेरी झाली का? अमेरिकेत सकाळी जाऊन संध्याकाळी परतला असेल तर दिवस कापत नाहीत, पण फॉर्ममध्ये ती फेरीही लिहावी लागते.

प्रतापनगरकर
तारीख टोरांटोचीच आहे, तिकिटावर पाहिली. पण नोव्हेंबरमध्ये चुलतबहिणीच्या लग्नाला आला होता नं. ९ ला तिकडून निघाला, २२ ला परत पोचला.

रामदासपेठ_ते_रेजायना
मग १० ते २१ नोव्हेंबर, १२ दिवस गेले. आकडा १०८४ वर अडकेल. मागचे भरलेले दिवस गळत आहेत तोवर तो पुढे सरकणार नाही. खिडकीची सुरुवात जुलै २०२३ च्या पुढे गेली, की मागून मिहानचे रिकामे दिवस गळायला लागतील आणि मग रोज पुरा एक दिवस मिळेल. मधल्या फेब्रुवारीचा २९ वा दिवस धरून १०९५ होतात १२ जुलै २०२८ ला, तेही तोवर एकही फेरी झाली नाही तर. दिवाळीला दहा दिवस आला तर तारीख दहा दिवस पुढे. वाईट वाटतं सांगताना, पण आज अर्ज टाकला तर दिवस कमी म्हणून तो फेटाळला जाणार आणि ५३० डॉलरचं प्रक्रिया शुल्क पाण्यात.

सरकारी दिवस-गणकात आत्ताच सगळ्या फेऱ्या भरून ठेवा. आणि १०९५ व्या दिवशी सही करू नका, महिनाभराची शिल्लक ठेवा. एखादी तारीख चुकलेली निघाली तर तीच वाचवते.

सदर_चौक
पीसीसीचं: सहीच्या आधीच्या चार वर्षांत दुसऱ्या देशात सलग १८३ दिवस किंवा जास्त राहिला असेल तर लागते. जुलै २०२८ धरलं तरी जुलै २४ ते जून २५ चं नागपूर त्यात येतं, तेव्हा लागणारच. आत्ता काढून ठेवू नका, जुनी होईल. तिकडे भारतीय वकिलातीमार्फत काढायची. पासपोर्टवर नागपूरचा पत्ता असेल तर पडताळणीसाठी पोलीस घरी विचारायला येऊ शकतात, आईबाबांना सांगून ठेवा.

जुना पासपोर्ट कोपरे कापून परत मिळालेला असला तरी फेकू नका. त्या पाच वर्षांतले सगळे पासपोर्ट, कोऱ्या पानांसकट स्कॅन करावे लागतात. पाचपैकी तीन वर्षांचं कॅनडाचं कर विवरण भरलेलं हवं. नागरिकत्वाची परीक्षा २० प्रश्नांची, १५ बरोबर आले की पास.

तर्री_पोहा
बागेचं राहिलं. नागरिकत्वाचा मुहूर्त गाठायची घाई उगाच आहे. तो अनिवासी आहे तोवरही शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्राने नावावर करून घेता येत नाही. वारसाने मिळू शकते, पुढे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणारं कार्ड) झाल्यावरसुद्धा. बाबांनी मृत्युपत्र नीट करून ठेवावं, सातबाऱ्यावरची वारस नोंद त्या वेळी होईल.

आणखी एक, कारण यात लोक फसतात. नागरिकत्वाची शपथ झाली की पीआर कार्ड संपलं, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्वही संपलं. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. आधी कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचं प्रमाणपत्र, मग ओसीआय. शपथेच्या महिन्यात घरचं कुठलं लग्न असेल तर त्याला आधीच नाही म्हणू द्या.