मदत हवी आहे: ९४० नॅनोमीटरसाठी सिलिकॉन जाड केलं, आता चार्ज शेजारी पसरतोय

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी सीमॉस इमेज सेन्सरचा (कॅमेऱ्यातल्या चिपचा) पिक्सेल टीकॅड या चिप-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेट करतोय. गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागतेय का, हे दिवसरात्र बघणाऱ्या कॅमेऱ्यासाठी. उजेड ९४० नॅनोमीटरच्या (डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) एलईडीचा. ८५०चा एलईडी अंधारात मंद लाल दिसतो, म्हणून तो नको. शिवाय ९४०च्या आसपासचं बरंचसं ऊन हवेतली वाफच गिळते, त्यामुळे भर दुपारीही आपला एलईडी उन्हात बुडत नाही.

अडचण सिलिकॉनची. हिरवा प्रकाश दीड मायक्रॉन आत गेला की जवळपास दोन-तृतीयांश शोषला जातो. ९४०ला त्यासाठी साधारण ५४ मायक्रॉन लागतात. माझा एपी थर (प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा थर) ५ मायक्रॉनचा, म्हणजे आत शिरलेल्यातला जेमतेम ९ टक्के हाती. थर २० केला, आकडा ३१वर गेला. मी खूश! मग शेजारचे पिक्सेल उघडून पाहिले, तर तिथेही चार्ज, म्हणजे प्रकाशानं सुटलेले इलेक्ट्रॉन. पिक्सेल ५ मायक्रॉनचा आहे. एमटीएफ (चित्राच्या रेखीवपणाचं माप) इतका पडलाय की पापणीची कडसुद्धा ओळखू येणार नाही.

सर म्हणतात, सिलिकॉन सोडून सरळ इंडियम गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाकडे वळ. वळू का?

प्रतिसाद १
एपीचं डोपिंग (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचं प्रमाण) किती? प्रकाश पुढून (वायरिंगच्या बाजूनं) की मागून?

धागाकर्ता
१ई१५, म्हणजे घन सेंटिमीटरला १०^१५ अणू. उदाहरणाच्या फाइलमध्ये होतं तेच राहिलंय. प्रकाश मागून.

प्रतिसाद १
घोळ तिथेच आहे. १ई१५ला तीनेक व्होल्टवर डिप्लीशन (विद्युतक्षेत्र असलेला पट्टा) जेमतेम २ मायक्रॉन. उरलेल्या १८मध्ये विद्युतक्षेत्रच नाही, इलेक्ट्रॉन वाट फुटेल तिकडे भटकतात. १ई१३च्या आसपास या, म्हणजे साधारण १ किलोओहम-सेंटिमीटर. पिन्ड फोटोडायोड (पृष्ठभागाशी पातळ पी-थरानं झाकलेला) असेल तर तेवढ्यानं भागणार नाही, मागच्या बाजूला उणे बायस (व्होल्टेज) द्यावा लागेल. आणि तो दिला की पी-वेल (ट्रान्झिस्टर ज्यात बसतात तो पी-प्रकारचा भाग) आणि मागची बाजू यांच्यात होलचा (धन वाहकांचा) करंट सुरू होतो. तो अडवायला पी-वेलखाली खोल एन-इम्प्लांट (एन-प्रकारची अशुद्धी घुसवलेला भाग) हवं. माझे दोन महिने ह्यातच गेले होते.

प्रतिसाद २
सरांचा मान राखून सांगतो, ९४०साठी तो मार्ग नको. सिलिकॉन ११००पर्यंत पाहतं. इंडियम गॅलियम आर्सेनाइड १७००पर्यंत जातं खरं, पण बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) लहान, त्यामुळे खोलीच्या तापमानालाही डार्क करंट (अंधारातही वाहणारा करंट) भरपूर. किंमत तर विचारूच नका.

थर आणखी जाड करण्यापेक्षा प्रकाशाची वाट लांबवा. मागच्या पृष्ठभागावर छोटे पिरॅमिड कोरले की किरण तिरपे होऊन सिलिकॉनमध्येच जास्त फिरतात. ऑम्निव्हिजनचं २०१७चं निक्सेल याच धर्तीचं: जाड सिलिकॉन, खडबडीत पृष्ठभाग आणि पिक्सेलांमध्ये खोल ट्रेंच (चर). ट्रेंच विसरू नका, नाहीतर तिरपा किरण थेट शेजाऱ्याच्या घरात. कोरलेल्या पृष्ठभागांचं पॅसिव्हेशनही (तिथले दोष निष्प्रभ करणारा लेप) मॉडेलमध्ये घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. १ई१३ आणि मागचा बायस टाकून रन लावलाय. मेश (सिम्युलेशनची गणिती जाळी) बारीक केल्यामुळे सकाळपर्यंत चालेल. पिरॅमिड त्यानंतर.